शेवटी ठेवलेलं घर

ओतिलिया सार्मिएंतोला अख्खी वस्ती माद्रिना म्हणायची. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात घेऊन उभी राहते ती धर्माची आई, ती माद्रिना. तिने अशी इतकी मुलं हातात घेतली होती की पाद्रीबाबा थट्टेनं म्हणत, तुमच्यासाठी इथे एक कायमची खुर्चीच मांडून ठेवतो. बाई मूळची ग्वातेमालाची. ऐन तारुण्यात नवरा गेला, मग सीमा ओलांडत उत्तरेकडे इथे येऊन कोंबड्या कापायच्या कारखान्यात वर्षानुवर्षं गारठ्यात उभी राहिली आणि बोटं वाकडी करून घेतली. लिहा-वाचायला शिकली ती चाळिशी उलटल्यावर. पण त्यानंतर दुसऱ्या कुणाला तिने सुखानं निरक्षर राहू दिलं नाही.

चर्चने वर्गासाठी तळघर दिलं, वाचनालयाने पुस्तकांची पांढरी गाडी दिली, अन्नपेढीने घेवड्याच्या आणि मक्याच्या पिठाच्या पिशव्या दिल्या, शहरातल्या एका संस्थेने शिक्षिका पाठवल्या. या सगळ्याला त्यांनी भागीदारी असं भारदस्त नाव ठेवलं, फलक लावला, फोटोही काढून झाले. ही भागीदारी चालत होती ती मात्र ओतिलियाच्या पायांवर. कारण सुरुवातीला दर गुरुवारी गाडी वस्तीत शिरली की चाकांवरच्या ट्रेलर-घरांच्या खिडक्यांचे पडदे खाली यायचे. परक्या गाडीला दार उघडायचं नाही, याचं या बायकांना बाळकडूच मिळालेलं. ओतिलियाने दारोदार फिरून, प्रसंगी चार शिव्या हासडून, एकेकीला बाहेर काढलं. "पांढरी गाडी आपली आहे," हे वाक्य तिने त्यांच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

सगळ्यांत हट्टी होती देल्फिना. ती मेक्सिकोची, नवरा दूरच्या राज्यात छपरं बसवायला गेलेला, घरात ती आणि सात वर्षांची यारेली. यारेलीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओतिलियानेच हातात घेतलं होतं, त्यामुळे या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, लेकराच्या नात्याने बांधलेल्या बहिणी. सख्ख्या बहिणी भांडून अबोला धरू शकतात, कोमाद्रेंना ती मुभा नाही. देल्फिना वर्गाला आली ती कुरकुरतच, आणि मग वर्षभरात अशी वाचायला लागली की गुरुवारी गाडीपाशी पहिला नंबर तिचाच. वर्गाचा रिवाज होता, एक पान आईने वाचायचं आणि एक लेकराने. मायलेकी तो घरीही पाळत.

त्या शरद ऋतूत दुसऱ्या गाड्या दिसायला लागल्या, कागदपत्रं नसलेल्यांना उचलून नेणाऱ्या. त्याही पांढऱ्याच, पण अंगावर नाव-गाव काही नाही, काचा काळ्या. पाववाल्याच्या दुकानात दुपारीसुद्धा शुकशुकाट. रविवारचा फुटबॉल बंद झाला. उर्बिना कुटुंब एका सकाळी दिसेनासं झालं; अंगणात पोराची सायकल आडवी पडलेली आणि साखळीला कुत्रा. त्या कुत्र्याला कोण खायला घालतं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.  ओतिलियाने वर्गात बायकामुलांना उभं करून सांगितलं, आता कुणालाही दार उघडायचं नाही.

"मी आले तरी नाही," ती म्हणाली. "माझ्या मागे कोण उभं आहे, ते तुम्हाला आतून दिसणार नाही."

बुधवारी संध्याकाळी भागीदार तळघरात जमले. पुस्तकांची गाडी वस्तीत पाठवणं आता धोक्याचं, असं ठरलं आणि उद्यापासून ती बंद. फोन कुणी ऐकत असेल, अशी सगळ्यांनाच भीती. तेव्हा माद्रिनाने घरोघरी जाऊन तोंडी सांगावं.

गुरुवारी सकाळी ती निघाली. बंद दाराशी निरोप सांगायचा, आतून हुंकार आला की पुढच्या दाराकडे. देल्फिनाचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं. कोमाद्रेच्या दारातून निरोप सांगून परत फिरता येत नाही. बसावं लागतं, कॉफी घ्यावी लागते, बरोबर नेलेला गोड पाव मोडावा लागतो, कुणाकुणाची उणीदुणी काढावी लागतात. गेले कित्येक दिवस ओतिलिया बिचारीला ते सुख मिळालं नव्हतं. पावाची पिशवी हातात होती. गाडी येणारच नव्हती, मग घाई कसली?

दुपार कलायला लागली तेव्हा ती पाइनच्या झाडांपाशी वळली. समोरून एक पांढरी गाडी संथपणे वस्तीबाहेर येत होती. सवयीने ओतिलियाने हात हलवला. गाडी शेजारून गेली तेव्हा तिच्या अंगावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तो वर गेलेला हात तिला पुढे आयुष्यभर माफ करता आला नाही.

देल्फिनाच्या पायऱ्यांपुढे धुळीत पुस्तकं पडली होती, वाचनालयाची. दार बंद होतं. ओतिलियाने ठोठावलं, हाक मारली, पुन्हा ठोठावलं.

"मी उघडणार नाही," आतून यारेली म्हणाली. "तुझ्या मागे कोण आहे ते मला दिसत नाही."

"कुणी नाही गं राणी. आई कुठाय?"

"गाडीकडे गेली, पुस्तकं बदलायला. म्हणाली, तू बूट शोध, तोवर मी पुढे होते." तिचा आवाज दाराच्या आणखी जवळ आला. "मला दुसरा बूट सापडलाच नाही. माद्रिना, ती आपली गाडी होती ना?"

 ओतिलिया पायरीवरच बसली. खूप रडावंसं वाटत होतं, पण ते आत ऐकू गेलं असतं. तिने धुळीतलं वरचं पुस्तक उचललं, स्वेटरच्या बाहीला पुसलं आणि दाराशी तोंड नेऊन पहिलं पान वाचलं. एका शेळीला डोंगरापलीकडे जायचं होतं.

आतून दुसरं पान आलं. पोरीला ते पाठच होतं. डोंगर म्हणाला, जा, पण वाट लक्षात ठेव.

ओतिलियाने पान उलटलं.

"ते नको वाचू," यारेली म्हणाली. "ते आईचं पान आहे."

"बरं. ते तिच्यासाठी ठेवू."

तिने पुस्तक मिटलं. बऱ्याच वेळाने साखळी सरकल्याचा आवाज आला. दारात यारेली उभी होती, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. तिने माद्रिनाकडे पाहिलंच नाही. ती तिच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहत होती. ओतिलियाने वळून पाहिलं नाही. मागे कुणीच नाही, हे तिला माहीत होतं.