एकतीस नंबरचं कुलूप

दूर उत्तरेच्या बर्फाळ देशातल्या येव्ले गावात चौसष्ट बिऱ्हाडांच्या इमारतीचा व्यवस्थापक आल्वार. जग बुडालं तरी आपली नोटीस तरंगेल, अशी त्याची ठाम समजूत. मार्चमध्ये साथ आली आणि गड्याला वाटलं, चला, आपली वेळ आली. बारा दिवसांत त्याने तेवीस नोटिसा काढल्या. भिंतीवर लावल्याच, शिवाय प्रत्येक दाराच्या पत्रफटीतून आत सारल्या. जिन्याच्या कठड्याला हात लावू नये. सत्तरीच्या पुढच्यांनी कोणालाही दार उघडू नये. एक तर ‘नोटिसांपुढे गर्दी करू नये’ अशीही होती. पुढे हे सगळं तो स्वतःच सांगायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा.

पण खरा पराक्रम केला तो तळघरातल्या धुण्याच्या खोलीत. मशिनं सगळ्यांची मिळून, म्हणून तिथे वार-वेळांचा फळा. प्रत्येक बिऱ्हाडाचं नंबर घातलेलं बोटाएवढं कुलूप, ते आपल्या वेळेवर अडकवलं की पाळी आपली. नवरा-बायको एकमेकांना सोडतील इथे, पण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणार नाहीत. आल्वारने चौसष्टच्या चौसष्ट काढली, पुसली आणि खोक्यात भरली. आता पाळी हवी तर त्याला ईमेल करायचा. केवढा हुशार आपण, असं वाटून त्या दिवशी त्याने दोन जास्तीचे बन खाल्ले.

दुसऱ्या गुरुवारी तो अंगणातल्या बर्फावर कोणी घसरू नये म्हणून खडी पसरत होता. दुसऱ्या मजल्यावरची साबाहेता, निवृत्त बसचालक, दोन हात लांब उभी राहिली आणि तिने एकतीस नंबरचं कुलूप कुठंय म्हणून विचारलं.

“खोक्यात. सगळ्यांचीच आहेत.”

“मग इंगेगेर्ड जिवंत आहे की नाही, ते मी आता खोक्यात बघू?”

इंगेगेर्डबाई तिच्या वरच्या मजल्यावर, चौऱ्याऐंशीच्या, एकट्या. फोन ऐकू येत नाही, ईमेल माहीत नाही. गुरुवारी नऊला धुणं, आटोपलं की कुलूप पुढच्या गुरुवारावर. अठ्ठावीस वर्षं. कुलूप हललं की साबाहेताला कळायचं, बाई ठीक आहेत. रोज दार वाजवून चौकशी केलेली बाईंना खपली नसती. आज मात्र तिने तीनदा वाजवलं होतं. आतून काही नाही.

आल्वारने खडीची बादली तिथेच टाकली. कठडा धरधरून तो वर पळाला. घंटा दाबली, दार बडवलं. शेवटी गुडघे टेकून पत्रफटीला तोंड लावून ओरडला. आपण एका म्हातारीला नोटिसांनी मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात. मेल्या, तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?

आत नळ बंद झाला.

“काय बडवतोयस सकाळपासून? कोणालाही दार उघडायचं नाही, असं तूच लिहिलंयस ना.”

आल्वार तिथेच जमिनीवर बसला. बाई न्हाणीत चादरी हाताने धूत होत्या. बारा दिवसांत कोणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, नोटिशीत तसंच होतं म्हणून.

“तुझी सगळी पत्रं ठेवलीत मी,” त्या फटीतून म्हणाल्या. “इतकी पत्रं मला कोणी कधी पाठवली नव्हती.”

त्याला रडू आलं, आणि ते कोणी पाहिलं नाही याचं बरं वाटलं.

दुपारपर्यंत सगळी कुलपं फळ्यावर परतली. पुढच्या गुरुवारी नऊला एकतीसच्या दाराबाहेर ठेवलेलं धुणं आल्वारने स्वतः धुतलं आणि घड्या घालून पिशवी बाईंच्या दाराशी ठेवली. तासाभराने पाहतो तर दाराला चिठ्ठी:

‘चादरींना निळी लव चिकटली आहे. ज्याने कोणी धुतलं, त्याने मशीनची गाळणी साफ केलेली नाही. या इमारतीत आपण एकटे राहत नाही.’

इतकी कडक नोटीस त्याला स्वतःला कधी जमली नव्हती. ती त्याने घडी करून पाकिटात ठेवली आणि गाळणी साफ करायला खाली गेला.