न धुतलेला पंप
तणनाशकाचा उग्र वास आला की निर्मळ गावातल्या आमच्या वाडीतली वांग्याची रोपं आठवतात. त्यांच्यावर टॉनिक फवारून मी पंप खाली ठेवला, तर बाबांनी झाकण उघडून हुंगलं. "काल यातूनच तणनाशक मारलंस ना? पंप धुतलास?" "धुतला," मी खोटंच बोललो. ते वाफ्याशी उकिडवे बसून राहिले. उन्हं कलेपर्यंत शेंडे पिळवटले, कोवळे देठ दोरीसारखे वळले. "हे तणनाशक म्हणजे वाढीचंच औषध," रोपं उपटत बाबा म्हणाले, "जास्त झालं की रोप वेडंवाकडं वाढत सुटतं, आणि त्यातच मरतं." आजही पंप माझ्या हाती देण्याआधी ते स्वतः धुतात, तीनदा, माझ्यासमोर.