हमीदाभाभींचं इंजिन

आकाशात विमान आलं की शेजारच्या हमीदाभाभी पिठाच्या हातांनी अंगणात यायच्या आणि विमानालाच शिकवल्यासारखं मोठ्यानं म्हणायच्या, "पुढनं हवा वड, दाबून बारीक कर, जाळ लाव, मागनं सोड." त्यांचा रशीद बंगळूरला विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं फोनवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कसबा बावड्यातल्या आमच्या सगळ्या गल्लीला पाठ असायचं.

मला त्यांनी फुग्यावर शिकवलं. फुगा फुगवून तोंड सोडलं, तो फुर्रकन फिरून माझ्या सासऱ्यांच्या आमटीत पडला.

"बघ, हवा मागं, फुगा म्होरं."

"आणि आमटी माझ्या सदऱ्यावर," सासरे म्हणाले.

फुग्यातली हवा संपते. इंजिन उडता उडता नवी ओढून घेतं. दाबलेली हवा जाळानं फुगते, मागून सुटताना हवा ओढणारा पुढचा पंखाही तीच फिरवते. हे सगळं भाभींनी सदरा पुसता पुसता सांगितलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी, पण एवढं मला समजलं.

इतकं माहीत असूनही भाभी रशीदकडे जायच्या त्या एसटीनंच. विचारलं तर म्हणायच्या, विमानात पाय पसरता येत न्हाईत.

मग एके दिवशी बंगळूरला माझ्या लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जावई परगावी. एसटीनं जाऊन उपयोग नव्हता. मी म्हटलं, विमानात एकटी बसणार नाही. गल्ली भाभींकडे बघायला लागली. नाही म्हणायला त्यांना जागाच उरली नव्हती.

विमानतळावर त्यांनी आम्हा दोघींचे पदर पिनांनी जखडून टाकले. इंजिनानं पुढून ओढून घेतला तर? आत बसल्यावर डोळे मिटून माझं मनगट धरलं. आवाज वाढत गेला.

"सुमन, वडतंय का हवा?"

"वडतंय."

"दाबतंय?"

"दाबतंय, जाळबी लागलाय. सोडलं बघा मागनं."

हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की पुढच्या रांगेतला पावणा वळून बघायला लागला. तेवढ्यात माझी पाठ खुर्चीला चिकटली आणि विमान उठलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा लेकीला नुकतंच आत नेलं होतं. आम्ही दाराबाहेर बसलो. पदराच्या पिना तशाच होत्या. बऱ्याच वेळानं आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत.

भाभी ताडकन उठल्या.

"वडली हवा," त्या म्हणाल्या. "आता ह्येला कोण थांबवतंय."