अप्पा काय बोलत होते

मी पुण्याची आणि माझी जीभ तिखट, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन मद्रासला आले ती तंजावरकडच्या मराठी घरात. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली माणसं. घरात मराठीच बोलायची, पण ती कसली मराठी! 'येतोय' म्हणायला 'येऊलाय', मध्येच तमिळ शब्द आणि वाक्य संपताना तमिळ हेल. पहिल्याच दिवशी मी फिस्सकन हसले. सासरे, म्हणजे अप्पा, शाळेत गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. ते काही ऐकून घेणारे नव्हते. म्हणाले, तुमच्या पुण्यात मराठी नासली, आम्ही ती होती तशी जपून ठेवलीय. सहा वर्षं आमचं हे असंच चाललं. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, आणि न कळलेलं विचारीन तर मी कसली!

एकदा पाहुण्यांसमोर मी त्यांची नक्कल केली. अप्पा स्वतः हसले, पण नवऱ्याने आत बोलावून मला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. कळो न कळो, 'हो अप्पा' म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. नळाला पाणी नव्हतं, मागच्या अंगणातल्या हातपंपावरून प्लास्टिकच्या घागरी भराव्या लागत. मी भरते म्हटलं तर ऐकतील ते अप्पा कसले. पाय घसरला आणि डोक्याची डावी बाजू पंपाच्या दगडी कट्ट्यावर आपटली. उठून बसले, स्वतःच कॉफी मागितली. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. तासाभरात दोनदा उलटी झाली, तेव्हा मात्र त्यांचं काही न ऐकता मी रिक्षा केली. नवरा जॉर्ज टाउनमध्ये एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. फोन केला तर तो बंदरात माल सोडवायला गेलाय म्हणाले. निरोप ठेवला आणि निघाले.

इस्पितळात तरुण डॉक्टर होता. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, हात दाबायला सांगितले, पाय वर करून दाखवायला सांगितले. सगळं ठीक. मग तमिळमध्ये नाव विचारलं, आणि अप्पा बोलू लागले ते मराठीतच. जन्मभर तमिळमध्ये गणित शिकवलेला माणूस! डॉक्टरला काही कळेना. तो माझ्याकडे वळला. त्या वेळी मेंदूचा स्कॅन करायची मशिनं शहरात मोजकीच होती, त्या इस्पितळात नव्हतं. तो म्हणाला, बोलणं बदललं असेल तर आत्ताच्या आत्ता स्कॅनला पाठवतो, नसेल तर इथेच ठेवून लक्ष ठेवू. आणि सरळ विचारलं, "हे रोज असंच बोलतात का?"

अप्पा माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते. "पांजुळ येऊलाय का बघ," असं मला ऐकू आलं. येऊलाय कळलं. पांजुळ म्हणजे काय, देव जाणे. पण असे किती शब्द मला सहा वर्षांत कळले नव्हते! मी म्हटलं, "हो. यांची मराठी अशीच आहे, जुनी." खोटं कशाला सांगू, ते म्हणताना मला बरं वाटलं. ज्या भाषेला हसले तिची बाजू घेतली, असं वाटलं. डॉक्टरने कागदावर लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर मी बसले. पंखा होता, पण वारा लागत नव्हता. अप्पा बोलत होते. मी 'हो अप्पा' म्हणत होते. बारा वाजले, एक वाजला. त्यांना सोडून बाहेर जायची सोय नव्हती, पुन्हा फोन करायचा तर फोन खाली, फाटकाजवळ.

दोनच्या सुमाराला मला कळलं. अगदी स्पष्ट कळलं. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांनी तो हातात घेऊन लांबलचक काहीतरी सांगितलं, आणि त्यात एकही शब्द ओळखीचा नव्हता. पाणी नाही, पेला नाही, येऊलायसुद्धा नाही. हेल मात्र तोच. डॉक्टर पाच खाटा पलीकडे होता. हाक मारली असती तर आला असता. पण येऊन काय विचारणार? मघाशी तुम्हीच म्हणालात ना, असेच बोलतात म्हणून? मग मला सांगावं लागलं असतं की सहा वर्षं ज्या घरात जेवले, त्या घराची भाषा मला येत नाही, मी नुसती मान डोलावते. लाज वाटली हो. इतकी साधी लाज. मी स्वतःला समजावलं की असेल एखादा जुना शब्द, असतील दहा. नवरा येईल, त्याला कळेल. आणि मी त्या स्टुलावरून उठले नाही.

नवरा चार वाजता आला, घामाने निथळत. अप्पांनी त्याच्याकडे बघून तसंच काही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय बोलतायत? ही आपली मराठी नाही. ही कुठलीच भाषा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कधीपासून?"

"आत्ताच," मी म्हटलं. "तुम्ही यायच्या जरा आधीपासून."

तो डॉक्टरला आणायला धावला.

स्कॅनच्या जागी नेईस्तोवर सहा वाजले. नवरा बाहेर कागदांवर सह्या करत होता, म्हणून मशिनच्या खोलीत मी गेले. गळ्यात शिशाचा जड एप्रन घातला. अप्पांचं कपाळ पट्ट्याने बांधलं होतं, पण ते बोलायचे थांबेनात, आणि बोलताना डोकं हलत होतं. चित्र बिघडतंय, असं मशिनवाला काचेपलीकडून दोनदा म्हणाला. "तुमच्या भाषेत सांगा त्यांना." मी सांगितलं, अप्पा, गप्प राहा, थोडाच वेळ. त्यांना माझंही कळत नव्हतं. शेवटी मी त्यांच्या हनुवटीखाली हात घातला आणि तोंड दाबून बंद धरलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मशिन घरघरत एकेक फोटो काढत होतं, एकाला मिनिट लागत होतं, आणि हात काढायची सोय नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

फिल्म दिव्यावर लावल्यावर डावीकडे, कवटीला चिकटून, पांढरी कोर दिसली. रक्त, सर्जन म्हणाले. लगेच उघडावं लागेल. मग त्यांनी विचारलं, बोलणं कधीपासून गेलं? नवऱ्याने उत्तर दिलं, चारच्या थोडं आधी, बायकोच्या लगेच लक्षात आलं. सर्जननी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे शाबास अशी. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी पदर आवळून उभी राहिले.

अप्पा वाचले, अकरा वर्षं जगले. दोन महिन्यांनी तमिळ परत आली, आधी एकेक शब्द, मग वाक्यं. मराठी आली नाही. त्यांची तंजावरचीही नाही आणि माझी पुण्याचीही नाही. बापलेक एकमेकांशी तमिळमध्ये बोलू लागले, मीही शिकले. लवकर नेलं असतं तर आली असती का, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही.

कोणी पाहुणा आला की नवरा हटकून सांगायचा, हिच्या लक्षात आलं म्हणून अप्पा हाती लागले. अप्पा खुर्चीत बसून ऐकायचे. "आमा, आमा," म्हणायचे. तमिळमध्ये 'हो, हो'. म्हणताना माझ्याकडे बघायचे, आणि मी कॉफी करायला आत जायचे.