वाशावरची बोटं

गरम हवा वर जाते, हे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. फळ्यावर चूल काढायची, तिच्यावर छप्पर काढायचं, बाण वर दाखवायचे आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला खडू मारायचा. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या छपराला मात्र मी कधी हात लावून पाहिला नाही. ते खातं हिचं होतं, म्हणजे माझ्या बायकोचं.

घरात गॅस होता, तरी हिची भाकरी चुलीवरच व्हायची. चुलीच्या बरोबर वर, पत्र्याखालच्या वाशाला ती मक्याची कणसं दोरीनं टांगायची. हे पांढऱ्या मक्याचं बी तिनं माहेराहून आणलेलं. धुरानं त्याला कीड लागायची नाही. अधूनमधून ती पाटावर चढून वाशावर बोटं टेकवायची. बोटं टिकली तर कणसं तिथंच, चटका बसला तर दोरी हातभर बाजूला. मी पेपरातून मान वर काढून विचारायचो, पेशंटचा ताप उतरला का? ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मृग लागला की त्यातलंच बी परसात चार ओळी लावायची.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. नांदेडची लेक महिनाभर राहिली. चूल मोडा, नाहीतर माझ्याकडे चला, असं जाताना म्हणाली. मी दोन्ही ऐकलं नाही. कणसं वर टांगलेली होती. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं, आणि ते मला मृगापर्यंत पोचवायचं होतं.

त्या थंडीत घर मला खायला उठायचं. दोन माणसांच्या घरातलं एक माणूस गेलं की अर्धं घर उरत नाही, काहीच उरत नाही. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये धूर जायला एक फट होती. तिथून सगळी ऊब निघून जाते, हे मला बरोबर कळलं, कारण मी विज्ञानाचा मास्तर. मी फटीत पोतं कोंबलं. ती गोवऱ्यांवर मंद जाळ ठेवायची, मी तुराट्या भरभरून लावल्या. धूर दारातून निघायचा. डोळ्यांना पाणी आलं तर धुराचं नाव पुढे करता यायचं, तीही एक सोय झाली.

मृगात चार ओळी लावल्या. पंधरा दिवस रोज सकाळी वाकून पाहिलं. एकही कोंब आला नाही.

शेजारच्या काकू आल्या. उरलेल्या कणसातला एक दाणा त्यांनी दाताखाली धरला. तो फुटाण्यासारखा कुरकुरला. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांना पोतं दिसलं.

"गुरुजी, याला कीड न्हाई लागली. तुमी भाजून काढलं."

फळ्यावरचे सगळे बाण माझ्याच घरात वर गेले होते आणि बाहेर पडायला त्यांना वाट नव्हती. मी मनापासून रडलो, काकूंच्या समोर, आणि या वेळी चूल पेटलेली नव्हती.

काकू घरी जाऊन एक कणीस घेऊन आल्या. ही दर मृगात आधी त्यांना बी द्यायची आणि मगच स्वतः लावायची, हे मला तेव्हा कळलं. कणीस माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "तिचंच हाय. आता पुढच्या मृगासाठी टांगा, पण हात लावून बघत जा."

पोतं काढलं. पाटावर चढलो. काजळीनं काळ्या पडलेल्या वाशावर एका जागी चार बोटांच्या खुणा होत्या, लहान, शेजारी शेजारी. वर्षानुवर्षं टेकवून टेकवून तिथली काजळी निघाली होती. माझ्या थंडीतल्या जाळानं त्यांच्यावर नवा थर चढला होता, तरी त्या दिसत होत्या.

बी राखायचं तर धूर हवा, आणि धूर केला की या खुणा बुजणार. मी बराच वेळ पाटावर उभा राहिलो. मग कणीस बांधलं आणि खाली उतरून गोवरी पेटवली.

आता मीही बोटं टेकवून बघतो, पण तिच्या खुणांच्या जरा बाजूला. तिच्या खुणांवरची काजळी रोज थोडी जाड होते. मी बघतो आणि जाळ चालू ठेवतो.