ओट्यावरचं मशीन

लग्न होऊन सौसरहून पांढुर्ण्याला आले, त्याच हिवाळ्यात शेजारच्या मिलिंदभाऊंनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं, पदरात चार संत्री टाकली आणि माझं नाव 'क' ठेवलं. माझ्या सासूबाई 'अ', भाऊंची आई 'ब'. भाऊ कागदावरची एकेक ओळ वाचत आणि त्याप्रमाणे आम्ही संत्री एकमेकींच्या पदरात टाकत असू. हा माणूस नागपुरात कॉम्प्युटर शिकून आलेला, दिवसभर प्रोग्राम लिहिणारा, पण त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणून मशीन आम्हीच. असलं खूळ मी जन्मात पाहिलं नव्हतं.

एकदा शेवटचा आकडा एकाने कमी भरला. भाऊ सगळ्या ओळी पुन्हा तपासून बेजार झाले आणि सासूबाई पदराआड सालं लपवून गंभीर चेहऱ्याने बसलेल्या.

"मशीन खात नाही, मावशी," एवढंच म्हणून ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले.

नोकरी त्यांनी धरली नाही. शिकवण्या घेऊन मायलेकांचं कसंबसं भागवत. मोहल्ल्यात त्यांना रिकामटेकडाच समजत. नागपुरात प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक संघटना होती. तिचे ते सभासद झाले आणि त्यांच्या चालण्यातच फरक पडला. महिन्यातल्या एका रविवारी एका कॉलेजच्या खोलीत सभा भरे आणि सभेनंतर सभासदांना तास-तासभर कॉम्प्युटर मिळे. भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या पॅसेंजरने जात. पहिल्या खेपेला परतले ते चहा गार होईपर्यंत सांगतच बसले. तिथल्या एका सरांनी त्यांची चूक काढली होती, आणि त्याचाच त्यांना केवढा आनंद.

"वैनी, तिथं मले कोणी आडनाव नाही विचारलं. विचारलं का तुमचा हिशोब या ओळीतून बाहेर कसा निघते."

गावात त्यांना रोज काय विचारलं जात होतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढे संत्र्याच्या एका बड्या व्यापाऱ्याने त्यांना काम सांगितलं. कोणत्या बागेच्या पेट्या कोणत्या ट्रकमध्ये चढवायच्या, हे ठरवणारा प्रोग्राम. अट एकच, तो खऱ्या मशीनवर चालवून दाखवायचा. भाऊ झपाटल्यासारखे लिहीत होते. काम पुरं होत आलं आणि कॉलेजने खोली परत घेतली. कॉम्प्युटर कुठल्याशा कुलुपात गेला. सभा दुसरीकडे भरत, चहा होई, पण मशीनचा तास गेला तो गेलाच. व्यापाऱ्याने काही महिने वाट पाहिली आणि विषय सोडून दिला. भाऊ तरीही रविवारी जात राहिले.

"आता कायले जाता, भाऊ?" मी न राहवून विचारलं.

"बोलाले," ते म्हणाले. "इथं मी कोणाशी बोलून राहिलो?"

आम्ही त्यांची संत्री इकडची तिकडे करत होतो, पण त्यांचं बोलणं आमच्यापैकी एकीलाही कळत नव्हतं.

मग भाऊंना खोकला जडला. तो अंगावर काढण्यात पावसाळा आणि हिवाळा गेला. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि नागपूरला न्यायला सांगितलं. मी त्यांचे कपडे पिशवीत भरत होते. भाऊंनी डोळे उघडून विचारलं, "रविवार आहे का?" रविवार नव्हता. गाडी दारात यायच्या आधीच ते गेले.

जलदानविधी आटोपून थोडे दिवस झाले होते. एक अनोळखी गृहस्थ घर विचारत आले. भाऊंची चूक काढणारे नागपूरचे सर ते हेच. संघटनेला जागा मिळाली होती, येत्या रविवारपासून मशीन पुन्हा सुरू होणार होतं. मिलिंदराव बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून मुद्दाम सांगायला आलो, असं ते हसत म्हणाले. भाऊंच्या आईने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

सरांनी प्रोग्रामचे कागद मागून घेतले. मशीनशिवाय हे तपासलं कसं, असं त्यांनी विचारलं. मी संत्र्यांचं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, बसा.

आम्ही आपापल्या जागी बसलो. सर भाऊंच्या जागी बसून ओळीमागून ओळ वाचत गेले. सासूबाईंनी त्या दिवशी एक फोडही तोंडात टाकली नाही. शेवटचा आकडा बरोबर आला.

"चालतो," सर म्हणाले.

आई पदरातली संत्री तशीच धरून बसल्या होत्या. त्यांनी सरांकडे पाहून विचारलं, "आता कोणाले देऊ?"