रिकामी जागा

राजस्थान सीमेवर पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. आमचं घर न्हावा शेव्याजवळ, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरातलं. उघडी जमीन पारखायला मला कुणी शिकवायला नको, असा माझा तोरा होता.

सरावासाठी गाड्या उभ्या करायला जागा बघ, असा हुकूम मिळाला. सकाळी सात वाजता नाईक खेतारामला घेऊन निघालो. तो तिथलाच, अबोल. गुडघाभर वाळलेलं गवत आणि चार खेजडीची झाडं असलेलं एक मैदान मला पसंत पडलं. मी रिपोर्टात लिहिलं, ‘रिकामी जागा.’

खेताराम म्हणाला, “साहब, खाली नहीं है. माताजी का ओरण है. यहाँ कोई टहनी भी नहीं तोड़ता. घास में गोडावण बैठी है, अंडे पर.”

“नक्शे में खाली है,” मी म्हणालो. देवीच्या राखीव रानातल्या एका माळढोक पक्ष्यासाठी रिपोर्ट बदलायचा म्हणजे मला अतीच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन दहाला तिथे उभ्या केलेल्या एका ट्रकच्या तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटलं. गाड्या बाहेर निघाल्या. खेताराम ओलं ब्लँकेट घेऊन गोडावण बसली होती त्या बाजूला धावला. तेवढ्यात वारा फिरला.

मी रेडिओवर ओरडलो, “खेताराम, पीछे हटो. ओव्हर.”

“दो मिनट, साहब. ओव्हर.”

त्यानंतर सेटवर नुसती खरखर.

तीन चाळीसला आग विझली. खेतारामचा देह आम्हाला जिथे सापडला, त्याच्या पुढचं सगळं काळं होतं. मागचं गवत उभं होतं. दोन दिवसांनी त्याच गवतात गोडावण अंड्यावर बसलेली मी दुर्बिणीतून पाहिली, आणि मला रडू आवरलं नाही.

आता निवृत्त होऊन घरी आहे. गेल्या महिन्यात धाकटा भाऊ कागद घेऊन आला. आमच्या बंद मिठागरावर भराव टाकून कंटेनर यार्ड करायचंय. त्याच्या मुलाला ट्रेलरचा धंदा काढायचाय. त्याची गरज खोटी नाही. कागदावर सहीच्या वर छापलं होतं, ‘रिकामी जागा.’

“दादा, मीठ पिकत न्हाय आता. रिकामीच हाय ना?”

समोर गुडघाभर पाण्यात रोहित पक्षी चरत होते.

“न्हाय,” मी म्हणालो. “असं मी एकदा लिहून बसलोय.”

मग त्याला बांधावर बसवलं आणि खेतारामबद्दल सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. भावाने विचारलं, “त्याच्या घरी कोन कोन हाय?”

मला ते माहीत नव्हतं.